साबणाच्या डबीतला साचा

कॉलेजच्या अंकात दरवर्षी एखादा रोबोट येतो, सौरऊर्जा येते आणि 'इंजिनिअर व समाज' तर हमखास येतो. यंदा मी मासा घेऊन आलोय. तोही खोटा! बोटभर लांबीचा, रबरासारखा मऊ, शेपटी हलवणारा. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावण्याऐवजी हा लावायचा आणि पाण्यातून ओढत आणायचा. मागे लागलेल्या माशाला तो जिवंत वाटला पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा. बाजारात याला 'सॉफ्ट प्लास्टिक ल्यूर' म्हणतात. आपण त्याला मऊ आमिष म्हणू.

आता कोणी म्हणेल, "अबे, हे अंकात कशाला?" तर त्याचं कारण असं. फर्स्ट इयरला फाउंड्री शॉपमध्ये आपण वाळू कुटली, पॅटर्न ठेवला, जर्नल पूर्ण केलं, सही घेतली आणि विसरलो. ड्राफ्ट, पार्टिंग लाइन, व्हेंट, श्रिंकेज हे शब्द व्हायवापुरते पाठ राहिले. हे बोटभर आमिष करायला बसलं, की तेच शब्द एकेक करून समोर येऊन उभे राहतात. शिवाय साहित्य काय लागतं? पाव किलो पीओपी, एम-सीलची कांडी आणि साबणाची डबी. मी अकोल्याचा, मेकॅनिकलचा. अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तिघांनी मिळून असे साचे केले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या सगळ्या प्रकरणात खरा खलनायक आहे पाणी. कसा, ते पुढे कळेलच.

अकोला नव्हे, अ‍ॅक्रन!

या आमिषाचा इतिहास एकाच गावात घडला आणि गावाचं नाव ऐकून मला उगाच आपलं वाटलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन. टायरच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. पीव्हीसी हे प्लास्टिक तेव्हा ठाऊक होतं, पण कडक आणि ठिसूळ असल्याने त्याचा कोणाला फारसा उपयोग सुचत नव्हता. १९२६ साली सेमन यांनी ते उच्च उत्कलनबिंदूच्या एका द्रवात गरम केलं आणि थंड झाल्यावर हाती आला रबरासारखा लवचिक पदार्थ. आज आपण ज्या वायरचं आवरण सोलतो, जो रेनकोट घालतो, त्या मऊ पीव्हीसीची ही सुरुवात.

त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम या गृहस्थांनी पत्नी कॉस्मा यांच्यासोबत घरच्या घरी मऊ व्हिनाइल वितळवून साच्यात ओतलं आणि प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं. पुढे त्यांची कंपनी झाली आणि मऊ आमिषांचा मोठा धंदा उभा राहिला. म्हणजे ज्या वस्तूच्या आज जगभर फॅक्टऱ्या आहेत, ती जन्मली स्वयंपाकघरात. घरगुती साचा हा या धंद्यातला हौशी फाटा नाही, तोच त्याचा उगम आहे.

माशाला काय हवं?

साचा करण्याआधी वस्तू ठरवावी लागते आणि वस्तू ठरवायला गिऱ्हाईक ओळखावं लागतं. आपलं गिऱ्हाईक म्हणजे मरळ. कटला, रोहू, मृगळ हे मासे अशा आमिषाकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना कणकेची गोळी बरी. मरळ मात्र शिकारी. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे उथळ, गवताळ, गढूळ पाण्यातही टिकतो आणि बेडूक, छोटे मासे दिसले की झडप घालतो.

गांधीग्रामजवळ पूर्णेच्या काठी एक भोई काका भेटले. आमच्या हातातलं निळं-चंदेरी आमिष त्यांनी दोन बोटांत धरून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे बाबू, एवढा रंग कायले मारला? माशाले रंग नाई लागत. हालते का नाई, थे पाह्यते थो." आम्ही रंगावर घालवलेला अख्खा रविवार त्यांनी एका वाक्यात निकालात काढला. पण त्यातच डिझाइनचा मुद्दा होता. गढूळ पाण्यात माशाला दिसण्यापेक्षा जाणवतं जास्त. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते. म्हणून आमिषाचा जीव शेपटीत. धड जाड, शेपटीच्या आधीची मान अगदी बारीक आणि टोकाला छोट्या वल्ह्यासारखा चपटा भाग. ओढलं की पाणी त्या वल्ह्यावर आदळतं आणि शेपूट डावी-उजवी हलू लागते. आमचं माप असं: लांबी ७५ मिलिमीटर, धड सर्वांत रुंद तिथे १४ मिलिमीटर आणि मान ३ मिलिमीटर. मान जाड झाली तर शेपूट हलत नाही. फार बारीक झाली तर साच्यातून काढतानाच तुटते. सगळी कसरत या तीन मिलिमीटरची आहे.

इडलीपात्र, कुल्फी आणि करंजी

साच्याचे प्रकार समजायला पुस्तक उघडायची गरज नाही, घरच्या स्वयंपाकघरात जा. इडलीपात्र म्हणजे उघडा, एका भागाचा साचा. वरून ओतायचं, वरचा पृष्ठभाग जसा येईल तसा. करंजीचा साचा म्हणजे दोन भागांचा, बिजागरी लावलेला. आणि कुल्फीचा साचा वर रुंद, खाली निमुळता का असतो? कुल्फी सरळ बाहेर यावी म्हणून. तोच आपला ड्राफ्ट! भिंती अगदी उभ्या असत्या तर कुल्फी शेवटपर्यंत भिंतीला घासत आली असती. थोडा उतार दिला की जरा हलताच ती सगळीकडून एकदम सुटते.

यातून साच्याचा पहिला नियम निघतो: साचा म्हणजे वस्तूची नुसती उलटी प्रत नव्हे, ती वस्तू बाहेर कशी येणार याचा आधीच केलेला विचार म्हणजे साचा. लिंबू अर्ध्यापर्यंत ओल्या पीओपीत बुडवलं तर पीओपी घट्ट झाल्यावर ते निघतं. अर्ध्यापेक्षा जरा जास्त बुडवलं की अडकलं, कारण पीओपीची कड लिंबाच्या सर्वांत रुंद भागावरून आत वळते. हाच अंडरकट. म्हणून पार्टिंग लाइन नेहमी वस्तूच्या सर्वांत रुंद रेषेवरून जाते.

इथे एक गंमत आहे. मऊ आमिष स्वतः लवचिक असतं, त्यामुळे थोडा अंडरकट असला तरी ते वाकून बाहेर येतं. पण साचा करताना आत ठेवलेला पॅटर्न कडक असतो, तो वाकत नाही. म्हणून नियम पॅटर्नसाठी पाळायचा. आणि पहिला साचा उघडाच करायचा, इडलीसारखा. आमिषाची एक बाजू सपाट येते, पण शेपटी हलायला त्याने काही बिघडत नाही.

पॅटर्नला एम-सील उत्तम. दोन्ही कांड्या मळून आकार द्यायचा, घट्ट झाल्यावर कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं. घासण्यात आळस नको. पीओपी इतका बारीक असतो की बोटाच्या ठशाच्या रेषासुद्धा त्यात उतरतात. पॅटर्नवर जेवढे ओरखडे, तेवढेच प्रत्येक आमिषावर.

पीओपी : पावडर नव्हे, रसायन

पीओपी फॉल्स सीलिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो किंवा गणपतीच्या कारागिरांकडे. हे कारागीर खरे साच्याचे मास्तर. एका मूळ मूर्तीवरून रबरी साचा काढून शेकडो मूर्ती ओततात. त्यांचे साचे एकदा जवळून बघा. व्हेंट आणि पार्टिंग लाइनवरची दोन लेक्चर्स वाचतील.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू. ते भाजलं की दोनातलं दीड पाणी उडतं, अर्धं उरतं. तो झाला पीओपी. आपण त्यात पाणी घालतो तेव्हा तो गेलेलं दीड पाणी परत घेतो आणि पुन्हा जिप्सम होतो. सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि दगड तयार होतो. भाजताना दिलेली उष्णता या वेळी बाहेर पडते, म्हणून घट्ट होताना साचा हाताला गरम लागतो.

ही उष्णता हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने हाताचा ठसा घ्यायला दोन्ही हात पीओपीच्या बादलीत घातले. पीओपी घट्ट झाला, हात अडकले, आत उष्णता वाढत गेली आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. तेव्हा मित्रहो, हाताचे, चेहऱ्याचे साचे काढायची हौस गॅदरिंगच्या डेकोरेशनसाठीसुद्धा नको.

आता आकडेमोड. १०० ग्रॅम पीओपीला रासायनिक क्रियेसाठी फक्त १८.६ ग्रॅम पाणी पुरतं. पण एवढ्याने तो नुसता ओलसर होईल, ओतता येणार नाही. ओतण्याजोगं करायला आम्ही १०० ला ६० घेतो. म्हणजे ४१.४ ग्रॅम पाणी जास्तीचं. ते क्रियेत भाग घेत नाही. नुसतं आत बसून राहतं आणि यथावकाश उडून जातं. जिथून उडालं तिथे बारीक छिद्र उरतं. पीओपीचा साचा पाणी शोषून घेतो तो या छिद्रांमुळे.

प्रत्यक्ष कृती

साबणाची डबी साधारण १० बाय ७ सेंटिमीटर, साडेतीन सेंटिमीटर खोल घ्या. तिच्यात २५० ग्रॅम पीओपी आणि १५० ग्रॅम पाणी बरोबर मावतं.

१) डबीच्या तळाला पॅटर्न सपाट बाजूने, फेव्हिकॉलच्या एका थेंबाने चिकटवा. बाजूंना निदान दीड सेंटिमीटर जागा सोडा. कडेची भिंत पातळ राहिली की साचा तिथेच तडकतो.

२) पॅटर्नला आणि डबीला आतून व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा, मग कोरड्या फडक्याने पुसल्यासारखं करा. डोळ्यांना दिसेल इतकं व्हॅसलिन राहिलं तर साच्यावर त्याचेच वळ उमटतात. खोबरेल तेल हिवाळ्यात नको, ते थिजतं आणि रवाळ ठसा येतो.

३) नेहमी पाण्यात पीओपी टाका, पीओपीत पाणी नव्हे. पावडर चाळणीने भुरभुरवत टाका, एक-दोन मिनिटं भिजू द्या, मग हळूहळू ढवळा. घुसळायचं नाही. हे ताक नव्हे. घुसळलं की हवा शिरते.

४) आधी थोडं मिश्रण ब्रशने पॅटर्नवर लावा, म्हणजे कोपऱ्यांत बुडबुडे अडकत नाहीत. उरलेलं एका कोपऱ्यातून ओता, ते स्वतः वाहत पसरू द्या. मग डबी टेबलावर हलके आपटत राहा. बुडबुडे वर येऊन फुटतात.

५) साचा गरम होऊन पुन्हा गार झाला की तो काढायची वेळ आली. साधारण पाऊण तास. डबीच्या कडा जरा फाकवा, उलटी करा. पॅटर्न निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. सपाट बाजूला फेव्हिकॉलने लाकडाची काडी चिकटवा आणि वाळल्यावर सरळ वर ओढा.

६) उरलेला पीओपी बेसिनमध्ये ओतू नका! पीओपी पाण्याखालीही घट्ट होतो. हॉस्टेलचा पाइप तुंबला की अख्खी विंग आंघोळीविना राहते आणि मग रेक्टर सरांसमोर ओळख परेड होते. भांड्यातच घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका.

दोन भागांचा साचा करायचा असेल तर पॅटर्न अर्ध्यापर्यंत मातीत बसवून पहिला भाग ओततात. त्या भागावर चमच्याच्या मागच्या टोकाने दोन-तीन खळगे करतात, व्हॅसलिन लावतात आणि वर दुसरा भाग ओततात. खळग्यांमुळे दोन्ही भाग नेमके एकमेकांवर बसतात. ओतायचं तोंड मात्र मोठं ठेवायचं, कारण आतला पदार्थ थंड होताना आकसतो आणि ती तूट तोंडातल्या साठ्यातूनच भरून निघते. फाउंड्रीतला रायझर तो हाच! आणि शेपटीच्या टोकापासून बाहेरपर्यंत सुईएवढी वाट हवी. हवा कुठून तरी जायला पाहिजे ना?

साचा वाळला हे कशावरून?

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. साचा हाताला कोरडा लागतो तेव्हा तो आतून ओलाच असतो. हात फसतो, तराजू फसत नाही.

आपला हिशेब घ्या. ओला साचा ४०० ग्रॅम. त्यातलं ४६.५ ग्रॅम पाणी क्रियेत बांधलं गेलं, उरलेलं १०३.५ ग्रॅम उडायला हवं. म्हणजे पूर्ण वाळलेला साचा २९६.५ ग्रॅम. थोडं मिश्रण भांड्याला चिकटतं, म्हणून नेमक्या ग्रॅमऐवजी गुणोत्तर लक्षात ठेवा: काढल्याबरोबर जे वजन असेल त्याला ०.७४ ने गुणा. तेवढं वजन येईपर्यंत साचा ओला आहे असंच समजा. सलग दोन दिवस वजन बदललं नाही की मगच वाळला. केमिस्ट्री लॅबचा तराजू विनंती केली तर मिळतो. नाहीतर किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. एप्रिलमध्ये पंख्याखाली चार-पाच दिवसांत काम होतं. जुलैच्या झडीत दहा दिवसही कमी पडतात.

लवकर वाळावा म्हणून ओव्हनमध्ये टाकू नका. पन्नास अंशांच्या पुढे जाऊ नये. जास्त तापलं की जिप्समचं बांधलेलं पाणीही सुटू लागतं, साचा पुन्हा पीओपी व्हायला निघतो आणि नखाने खरवडला तरी भुगा पडतो.

आता हे सगळं एवढं महत्त्वाचं का? कारण खरं आमिष ज्याचं करतात ते प्लास्टिसॉल. पीव्हीसीची बारीक भुकटी आणि प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव यांचं दुधासारखं मिश्रण. ते तापवलं की आधी शिऱ्यासारखं घट्ट होतं आणि साधारण १७५ अंशांच्या आसपास पुन्हा पातळ, पारदर्शक होतं. तेव्हा ओतायचं. ओल्या साच्यात १७५ अंशांचा पदार्थ ओतला तर छिद्रांतल्या पाण्याची तत्काळ वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० मिलिलिटर होते. थर्मोडायनॅमिक्सच्या स्टीम टेबलमध्ये हा आकडा पाहिलाच असेल. इथे तो तोंडावर येतो. वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि वरचा चिकट, उकळता पदार्थ उडवते. कातडीला लागला की तो चिकटून राहतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही.

आणखी एक बारकावा. पूर्ण वाळलेल्या साच्यातही वजनाच्या जवळजवळ २१ टक्के पाणी असतं, फक्त ते स्फटिकात बांधलेलं. आपल्या २९६.५ ग्रॅमच्या कोरड्या साच्यात ६२ ग्रॅम पाणी! गरम पदार्थ लागला की पृष्ठभागावरचं थोडं सुटतं आणि आमिषाला बारीक फोड येतात. म्हणून साच्याला आतून इपॉक्सीचे किंवा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन पातळ हात देतात आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू देतात. तरी पीओपीचा साचा अमरपट्टा घेऊन येत नाही. रोज ओतणारे सिलिकॉन किंवा अ‍ॅल्युमिनियमचे साचे वापरतात ते याच कारणाने.

हॉस्टेलमध्ये प्लास्टिसॉल का नको?

स्पष्टच लिहितो: रूममध्ये, मेसमध्ये, गॅलरीत, कुठेही नको. एक कारण वर आलंच. दुसरं म्हणजे धूर. पीव्हीसी ओतायच्या तापमानाच्या थोडं वर गेलं की पिवळं, मग तपकिरी पडू लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. नाका-डोळ्यांतल्या ओलाव्याला भेटला की त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. ओतायचं तापमान आणि बिघडायचं तापमान यांत अंतर फार थोडं; हॉस्टेलच्या कॉइलच्या शेगडीवर ते सांभाळणं शक्य नाही. तिसरं म्हणजे प्लास्टिसायझर. यात पूर्वापार वापरले जाणारे थॅलेट गटातले काही पदार्थ शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. युरोपियन युनियनने २००५ च्या निर्देशानुसार लहान मुलांच्या खेळण्यांत अशा तीन थॅलेटचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणून ठेवलं. तर ज्या भांड्यात प्लास्टिसॉल तापलं त्यात पुन्हा मॅगी करायची नाही, एवढं तरी समजून घ्या.

मग साचा तपासायचा कसा? त्यासाठी आमचा तोडगा: जिलेटिन, पाणी आणि ग्लिसरीन, वजनाने एकेक भाग. जिलेटिन पाण्यात अर्धा तास फुगवायचं, ग्लिसरीन घालायचं आणि भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचं. उकळायचं नाही, साठ-पासष्ट अंशांवर ओतता येतं. ही कल्पना आमची नव्हे. जुन्या छापखान्यांत शाई लावायचे रोलर सरस आणि ग्लिसरीनच्या अशाच मिश्रणाचे ओतत असत. गार झाल्यावर आमिष लवचिक निघतं, शेपटी हलते, मान तुटते का तेही कळतं. बादलीभर पाण्यात ओढून बघा, डिझाइन पास की नापास लगेच समजेल. पाण्यात फार वेळ ठेवलं तर फुगतं आणि अकोल्याच्या मे महिन्यात खिशात ठेवलं तर वितळतं! पण तपासणीला पुरेसं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणून मेसचं भांडं वापरू नका. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चायना ग्रास घ्यावं, ते समुद्री शेवाळाचं. मात्र ते लवचिक कमी, ठिसूळ जास्त. आणि लक्षात ठेवा, पाण्याचा पदार्थ ओतला की साचा पुन्हा ओलावतो. म्हणजे पुन्हा तराजू!

साच्याच्या बाहेरचं पाणी

इथवर साच्यातल्या पाण्याचं झालं. आता धरणातल्या पाण्याचं. अमरावती शहर पाणी पितं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं, म्हणजे नल-दमयंती सागराचं. अकोला पितं महानच्या काटेपूर्णा धरणाचं. म्हणजे आपण जिथे गळ टाकायचा विचार करतो, तेच पाणी दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या कूलरमध्ये येतं.

मऊ आमिष गळावरून सहज निसटतं. एका झटक्यात फाटतं आणि तळाला जाऊन पडतं. ते कुजत नाही. मासे ते गिळतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात ब्रूक ट्राउट माशांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. टाकीत सोडलेली मऊ आमिषं बऱ्याच माशांनी आपणहून खाल्ली, ती काहींच्या पोटातच राहिली आणि अशा माशांची वाढ मागे पडली. जोडीला वजनासाठी शिसं बांधायची सवय. ब्रिटनमध्ये हे शिसं गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली गळाच्या शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी आली. आपल्याला शिशाची गरजच काय? वर्कशॉपच्या स्क्रॅपमध्ये पडलेला लोखंडी नट तेच काम करतो.

दुसरी गोष्ट माणसांची. आपल्याकडची बहुतेक धरणं आणि तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यात बीज सोडण्याचा खर्च संस्था करते आणि भोई बांधवांचं घर त्यावर चालतं. आपली ती हौस, त्यांची ती भाकर. म्हणून आधी विचारायचं, परवानगी घ्यायची, मगच बसायचं. काटेपूर्णा अभयारण्य आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर गळ काढायचाच नाही. आणि पावसाळ्यात उथळ पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका तरंगताना दिसला, तर खाली मरळ जोडी पहाऱ्यावर आहे असं समजा. पिल्लं सांभाळणारा मरळ कशावरही झडप घालतो, त्यामुळे गळाला लागतोही पटकन. पण तो एक काढला की अख्खा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात. तिथून उठून यावं हे बरं.

भोई काकांना मी विचारलं होतं, "काका, हे रबराचं चांगलं का गांडूळ चांगलं?" ते म्हणाले, "गांडूळ तुटलं तं मासा खाते, नाई तं माती खाते. तुयं तुटलं तं कोन खाईन?" याचं उत्तर आम्ही अजून शोधतोय. सध्या आम्ही आमिषाच्या नाकात पातळ नळीचा तुकडा बसवून पाहतोय, म्हणजे गळ नळीत अडकेल आणि आमिष फाटून पडणार नाही. त्या नळीसाठी साच्यात खाच करायची म्हणजे पॅटर्न पुन्हा घासायचा, साचा पुन्हा ओतायचा आणि पुन्हा दहा दिवस वजन करत बसायचं. ज्याला हात लावायचा असेल त्याने रविवारी सकाळी यावं. येताना साबणाची रिकामी डबी तेवढी आणा, आमच्या विंगमधल्या संपल्या आहेत!